आंब्याच्या पेटीला मखमल

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणसं आधी तारीख बघतात, मग कार्यालय कुठलं ते बघतात, आणि 'आहेर आणू नये' लिहिलंय का हे हळूच बघून घेतात. आमचे मालक पत्रिका गालाला लावायचे. तीही डोळे मिटून. पत्रिका द्यायला आलेले वधूपिते अवघडून उभे, बरोबरच्या बाई अक्षता मुठीत धरून ताटकळलेल्या, आणि हे आपले गालावरून पत्रिका वर-खाली फिरवतायत. मग डोळे उघडून म्हणायचे, "मॅट लॅमिनेशन. बाहेरून करून आणलंत. डाव्या कोपऱ्यात बुडबुडा राहिलाय." लग्न कुणाचं आणि कधी, हे त्यांना शेवटपर्यंत कळायचं नाही. त्यांची बायको, आमच्या काकू, परस्पर जाऊन आहेर करून यायच्या.

रत्नागिरीत मुख्य रस्त्यापासून जरा आत, चढावर त्यांचा छापखाना. मी तिथे काही वर्षं कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम करत होते. बाहेरच्या पाटीवर 'मुद्रक' असं लिहिलेलं होतं, पण छपाई त्यांना मनातून हलकी वाटायची. "शाई काय गो, कुणीही लावील," असं म्हणायचे. छापलेल्या कागदावर पुढे जे काही चढतं त्यात त्यांचा जीव. प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवला की लॅमिनेशन. ते चकचकीत ग्लॉस असतं, नाहीतर मंद मॅट असतं, आणि हौस फारच असेल तर हाताला मखमलीसारखं लागणारं. नेमक्या एखाद्या अक्षरावर पारदर्शक, चमकदार वार्निशचा थर देऊन तो दिव्याखाली वाळवला की यूव्ही. सोनेरी पन्नी गरम ठशाने दाबली की फॉइल. हे सगळं एकाच कागदावर करायला मिळालं तर मालक त्या दिवशी जेवायचे नाहीत. भूकच लागायची नाही म्हणे. माझं डिझाइन त्यांच्या लेखी एवढ्यापुरतंच, की वार्निशच्या खाली काहीतरी असावं.

"लोक वाचत नाहीत, लोक चोळतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. नव्या गिऱ्हाइकाला ते पहिल्या चहालाच ऐकवायचे. गिऱ्हाईक दचकून माझ्याकडे बघायचं आणि मी कॉम्प्युटरकडे बघायचे.

माणसांनाही ते ह्याच मापाने मोजायचे. कचेरीतला एक कारकून म्हणजे "पक्का ग्लॉस, बोट ठरत नाही". समोरचा किराणावाला "वार्निश उडालेला". माझं लग्न ठरलं तेव्हा नवरा मुलगा मला न्यायला छापखान्याच्या दारात आला. मालकांनी त्याचा हात हातात घेतला, तो नको तितका वेळ धरून ठेवला, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "मॅट आहे. चांगलाय, पण बोटं उठतील. जपून हाताळ." आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, हे निदान बरोबर होतं.

छापखान्यात तेलकट पदार्थाला बंदी होती. कोपऱ्यावरच्या गाडीवर संध्याकाळी कांदाभजी तळायला सुरुवात झाली की मालक उठून खिडकी लावायचे, जणू वासानेच कागदावर डाग पडेल. भजी खायची तर बाहेर जाऊन खायची, मागच्या नळावर साबणाने हात धुवायचे, आणि आत येऊन त्यांच्यापुढे हात पसरून उभं राहायचं. ते हात बघायचे नाहीत, हुंगायचे. "हात धुतलेस? परत धू." शाळेत पहिलीतही माझी इतकी तपासणी झाली नव्हती. आमचा मशीनमन एकदा मिरकरवाड्याहून बांगडे घेऊन परस्पर कामावर आला. त्याने पिशवीला नुसती गाठ मारली होती. त्याला मालकांनी दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसवला, बांगड्यांसकट. संध्याकाळपर्यंत त्याच्याभोवती आळीतली सगळी मांजरं जमली होती.

आणि ह्या माणसाचा स्वतःचा सदरा बघाल तर इस्त्री कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. घर चिऱ्याचं, बांधून वर्षं झाली, पण भिंतींना गिलावा नाही. जाता-येता कोपर घासलं की सालटं निघायची. काकू म्हणायच्या, "कागदाला पाच थर देतात, घराला एक द्यायला सांगून मी थकले." त्यावर मालकांचं उत्तर ठरलेलं, "घराला कोण हात लावतंय?" काकू आपलं सोललेलं कोपर दाखवायच्या. ते नेमके त्याच वेळी चष्मा पुसायला घ्यायचे.

त्यांच्या ह्या हौसेपायी गावातल्या बऱ्याच जणांचं नुकसान झालं, आणि तेही फार देखणं. एका दातांच्या डॉक्टरांनी पेशंटला पुढची तारीख लिहून द्यायला साधी कार्डं मागितली. मालकांनी दोन्ही बाजूंना असं गुळगुळीत लॅमिनेशन चढवलं की त्यावर पेनच उठेना. दवाखान्यातली मुलगी शेवटी पेशंटच्या तळहातावर तारीख लिहायला लागली, आणि कार्ड नुसतंच सोबत द्यायची. केळशीच्या एका ताईंनी घरगुती राहण्या-जेवणाची सोय सुरू केली. त्यांनी पत्रकावर फोनने स्कॅन करायचा चौकोन छापायला सांगितला. मालकांनी तो चौकोन आरशासारख्या सोनेरी फॉइलमध्ये केला. लोकांनी फोन धरला की त्यात त्यांचाच फोन दिसायचा. ताई तक्रार घेऊन आल्या तर मालक म्हणाले, "पण सोडवत नाही ना हातातून?" ताई म्हणाल्या, "नाही हो. सगळे तेच धरून उभे असतात, आत कुणी येत नाही."

एका बाजूने लॅमिनेशन केलेला कागद आमच्याकडच्या दमट हवेत वळतो. कॅलेंडरांची गणपतीपर्यंत नळी व्हायची. भाद्रपद बघायचा तर दोघांनी दोन टोकं ताणून धरायची. ह्यात चूक कुणाची? मालकांच्या मते समुद्राची. "समुद्राला कागदातलं काही कळत नाही," असं ते गंभीरपणे सांगायचे. गंमत म्हणजे एकदा एका खानावळीवाल्याने मासळीच्या ताटांचं दरपत्रक लॅमिनेट करून नेलं आणि ते अगदी चोख चाललं, रश्शात पडलं तरी पुसून घ्यावं असं. इतक्या वर्षांत लॅमिनेशन खऱ्या अर्थाने कामाला आलं ते तिथे. पण मालक त्याचं नाव काढू द्यायचे नाहीत. "सुरमईच्या पाण्याने पुसतात गो ते," म्हणताना त्यांचा आवाज कापायचा.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. सुधाकरभाऊंचं तसं नव्हतं.

सुधाकरभाऊंची पूर्णगडच्या बाजूला कातळावर आंब्याची बाग. वडिलांनी सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून कलमं जगवली. इतकी वर्षं माल वाशीच्या दलालाकडे जायचा आणि तिथून पुढे दुसऱ्याच्या नावाच्या पेटीतून कुठे कुठे जायचा. "आंबा माजा, नाव भलत्याचं," हे त्यांचं दुखणं. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की आपला आंबा आपल्या नावाने थेट लोकांच्या घरी पाठवायचा. मुंबईला नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने आपल्या ऑफिसातली, सोसायटीतली, पुण्याच्या सासुरवाडीकडची गिऱ्हाइकं जमवली. सुधाकरभाऊंनी दलालाला फोन करून सांगून टाकलं की यंदा आमचा माल येणार नाही. दलाल हसला म्हणे. "आठवण आली की या," एवढंच बोलला. ते हसणं सुधाकरभाऊंना फार लागलं होतं. म्हणून ती पेटी.

ते नमुन्याला एक जुना पुठ्ठ्याचा खोका घेऊन आले होते. "काका, असाच पायजे. वर नाव, आत एक कागद, आंबे कसे पिकवायचे त्याचा. आनि बाजूला ही भोकं. बाकी काय नाय."

मालकांनी खोक्यावरून हात फिरवला आणि तोंड असं केलं की सुधाकरभाऊंनी घाईघाईने खोका खाली ठेवला.

"सुधाकर, तू लोकांना आंबा पाठवणार की सिमेंट?"

मग आठवडाभर छापखान्यात दुसरं काम झालं नाही. मालकांनी पेटीच्या झाकणावर आणि चारही बाजूंवर मिळून एकच मोठा आंबा काढवून घेतला, पेटीला मिठी मारून बसलेला. त्यावर मखमली लॅमिनेशन. त्यावर यूव्हीचे बारीक बारीक ठिपके, म्हणजे बोट फिरवलं की खऱ्या आंब्याची साल हाताला लागावी. देठाला सोनेरी फॉइल. खरं सांगते, मीसुद्धा त्या पेटीला चार वेळा हात लावून आले. तसलं काम मी आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. फक्त भोकं नव्हती.

मी म्हटलं, "मालक, भोकं राहिली."

"राहिली नाहीत. काढली. ह्या आंब्याच्या पोटात मी स्वतःच्या हाताने भोकं पाडू? अगो, काहीतरी बोलतेस!"

"वारा कुठून जाणार?"

"खालून. तळाला पाडलीत चार."

पेटी जमिनीवर ठेवतात, पेटीवर पेटी ठेवतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आंब्याला वारा लागतो, नाहीतर तो घामेजतो आणि आतून शिजतो, हे रत्नागिरीत कुणालाही माहीत असतं. मालकांचं स्वतःचं कलम होतं परसात. पण त्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांपुढे एकच आंबा होता, आणि तो कधी पिकणार नव्हता.

सुधाकरभाऊ पेटी बघायला आले. आल्या आल्या म्हणाले, "भोकं कुठं हायत, काका?" मालकांनी नुसतं झाकण उजेडाकडे तिरकं केलं. झाकणावर सोनेरी अक्षरांत सुधाकरभाऊंचं पूर्ण नाव होतं, मधे वडिलांचं नाव, खाली गावाचं. सुधाकरभाऊंचं बोट त्या अक्षरांवरून गेलं, वडिलांच्या नावापाशी थांबलं, परत मागे आलं. मग त्यांनी भोकांचं नाव काढलं नाही. मालकांचं ते वाक्य तेवढ्यापुरतं तरी खरं ठरलं, चोळतात लोक.

पहिला तोडा झाला. आंबे पेंढ्यात लावून पेट्यांत भरले, पेट्या टेम्पोत एकावर एक चढल्या आणि वैशाखाच्या तोंडावरच्या त्या उन्हात मुंबई-पुण्याला गेल्या.

फोन आधी भावाला आले, मग थेट सुधाकरभाऊंना. सगळ्यांनी सुरुवात पेटीपासून केली. काय सुंदर पेटी आहे, आमच्या नातीने बाहुल्या ठेवायला मागून घेतली, टाकवत नाही हो. आणि मग जरा थांबून, आंबे मात्र काळे पडलेत. एका बाईंनी तर सरळ विचारलं, नुसत्या पेट्या मिळतील का?

सुधाकरभाऊ छापखान्यात आले ते परत आलेली एक पेटी घेऊन. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मालकांना सोपं गेलं असतं; ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला ते नवीन नमुने दाखवायचे. पेटी त्यांनी मालकांच्या टेबलावर, कोऱ्या आर्ट पेपरच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि झाकण काढलं. वास सुटला. तळाच्या भोकांतून रस झिरपून गठ्ठ्यात उतरायला लागला. मशीनमन धावत फडकं घेऊन आला, पण मालकांनी त्याला हाताने थांबवलं.

"काका," सुधाकरभाऊ म्हणाले, "तुमी नेमी हात लावून बघता ना? मग बघा हात लावून."

आमच्या मालकांनी कशालाही हात लावायला कधी वेळ घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला. मग त्यांनी पेंढा बाजूला केला आणि एका आंब्यावर बोट ठेवलं. बोट आत गेलं.

"बापाच्या नावावर चिकटलाय बघा हा रस," सुधाकरभाऊ म्हणाले. "दलालाकडे जायचं तोंड नाय ऱ्हायलं माजं. दुसरा तोडा उतरून पडलाय घरात. कशात पाठवू?"

उरलेल्या पेट्या घडी न घालता सपाट रचून ठेवलेल्या होत्या, मागच्या खोलीत, वर स्वच्छ चादर घालून. मालक उठले, चादर काढली. भोकं पाडायचा साचा कोल्हापूरहून करून आणायचा तर दोन-तीन दिवस गेले असते, आणि आंबा काही साच्यासाठी थांबत नाही. मालकांनी चपला शिवणाऱ्याकडून पट्ट्याला भोक पाडायचा पंच मागवला, हातोडी घेतली, जमिनीवर फतकल मारली आणि पहिली पेटी पुढे ओढली. पंच बरोबर आंब्याच्या पोटावर ठेवला. यूव्हीच्या ठिपक्यांवर. मारायच्या आधी त्यांनी मान फिरवली, कोंबडी कापताना काकू फिरवायच्या तशी.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे बसलो होतो. मी, मशीनमन, स्वतः सुधाकरभाऊ, आणि शेवटी पदर खोचून काकूही. काकूंच्या हातोडीला जोर जरा जास्तच होता. गिलाव्याचा राग कुठेतरी निघायलाच हवा होता. मालक मधून मधून "गोल येऊ दे, फाडू नका" असं पुटपुटायचे. कोपऱ्यावर भजी तळायला लागली तरी त्या दिवशी खिडकी लावायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या तोड्याचा आंबा नीट पोचला. पण निम्मी गिऱ्हाइकं तोवर तुटली होती. त्या निम्म्यांचा माल सुधाकरभाऊंना दलालाकडेच न्यावा लागला. दलाल हसला नाही, चहा पाजला म्हणे. ते जास्त लागलं, असं सुधाकरभाऊ म्हणाले.

आणि आमचे मालक? मालक मुळात मालकच. त्याच पावसाळ्यात व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत त्यांनी 'हवेशीर पॅकिंग' ह्या विषयावर भाषण ठोकलं. भोकाशिवाय पेटी म्हणजे कोकणच्या आंब्याचा खून, आपण तर पहिल्यापासून हेच सांगत आलोय, वगैरे. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. टाळ्या पडल्या. मला त्यांचा असा राग आला की मी तिथली दोन बटाटेभजी खाऊन, हात न धुता, त्यांच्या गाडीच्या हँडलला पुसून घरी गेले.

पुढच्या वर्षी मोहोर आला तेव्हा सुधाकरभाऊ परत आले. हेही एक आश्चर्यच. दुसरे छापखाने नव्हते असं नाही. दारातूनच म्हणाले, "काका, ह्या टायमाला माजं ऐकायचं. खाकी पुठ्ठा. एक रंग. भोकं. चकाकी बिलकूल नाय पायजे, एक थेंब नाय. कबूल असेल तर आत येतो."

मालक म्हणाले, "ये."

आणि तसंच छापलं. खाकी खरखरीत पेटी, त्यावर हिरव्या रंगात नाव, बापाचं नाव, गाव. बाजूंना गोल, स्वच्छ भोकं. मालकांनी एकदा पेटीवरून हात फिरवला, घराच्या भिंतीवरून फिरवावा तसा, आणि ती गठ्ठ्यावर ठेवून दिली. दोन-तीन दिवस मात्र संध्याकाळी आम्ही निघालो तरी ते मागच्या खोलीत थांबायचे. मी विचारलं तर म्हणाले, "यूव्हीचं मशीन साफ करतोय."

त्या वर्षी सुधाकरभाऊंचा आंबा घरोघरी सुखरूप पोचला. तुटलेल्यांपैकी काही गिऱ्हाइकंसुद्धा परत आली. तक्रार एकच आली, पण ती बऱ्याच जणांकडून. ती सांगायला सुधाकरभाऊ एक रिकामी पेटी घेऊन छापखान्यात आले.

"काका, आंबे झकास हायत बोल्तात. पन झाकनाला आतून तेलाचा डाग हाय. परत्येक पेटीला."

मी पेटी घेतली आणि झाकण उलटं करून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. खाकी, कोऱ्या पुठ्ठ्यावर वार्निश चकाकत नाही. पुठ्ठा ते पिऊन टाकतो आणि मागे तेलकट ओल दिसते. ही गोष्ट मला मालकांनीच शिकवली होती, पहिल्याच आठवड्यात. झाकणाच्या आत, एका कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जायचं कारण नाही, तिथे अंगठ्याएवढं आंब्याचं पान होतं. देठ होता, मधली शीर होती, आणि तिच्यातून निघालेल्या बारीक शिरासुद्धा. हात लावून पाहिला. बोटाला काहीच लागलं नाही.

मी मालकांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

सुधाकरभाऊंनी झाकण माझ्याकडून घेतलं, त्यांनीही ते उजेडात तिरकं धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"कसला डाग हाय वो, काका?"

"भज्यांचा असेल," मालक म्हणाले. "कुणीतरी भजी खाऊन हात लावला असेल."

मशीनमनने हसू लपवायला मान खाली घातली. सुधाकरभाऊंनी झाकण पेटीवर नीट बसवलं आणि पेटी काखेत मारली.

"मग सांगा त्याला," ते म्हणाले, "फुडच्या टायमाला हात धुवायला."

मालक उठले, मागच्या नळावर गेले आणि साबण लावून हात धुऊन आले.